टोस्टरमधली उसनी तार

कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी टर्की ओव्हनमध्ये आणि सासूबाई वाटेत असताना क्लेटन बुशारच्या वेपमधली, म्हणजे ई-सिगारेटमधली, तार तुटली. खरं म्हणजे ती त्यानेच तोडली, तीसुद्धा बायकोला त्या तारेचे गुण समजावून सांगताना.

क्लेटनचं यंत्र म्हणजे पितळेची एक नळी. आत बॅटरी, खाली बटण आणि वर त्याने स्वतः गुंडाळलेलं तारेचं वेटोळं. ना पडदा, ना आकडे, ना दिवे. ही नळी हातात आली की त्याला प्रवचनाची उबळ येई.

"हे बघ, मार्लीन. कापूस घालायच्या आधी तार अशी नुसती तापवून बघायची. मधून कडेला कशी लाल होत जातेय बघ! सगळ्या थंडर बेमध्ये असं वेटोळं कुणाला जमत असेल तर दाखव."

मार्लीन बटाटे सोलत होती. "बघितलं."

"पाठ आहे तुझी इकडे!"

"लग्न झाल्यापासून बघतेय रे. पुढे बोल."

"पुढे काय? यात बिघडायला आहेच काय? माणूस मरेल, पण ही नळी..."

बोलण्याच्या भरात बटणावरचा अंगठा उचलायचा राहिला. लाल तार पिवळी झाली, पिवळीची पांढरी झाली आणि टिच् करून तुटली. क्लेटनने रीळ शोधलं तर ते रिकामं. दुकान सुट्टीमुळे बंद. कापूस भरपूर होता, स्ट्रॉबेरी कस्टर्डच्या चवीचा रस बाटलीभर होता, फक्त वीतभर तार नव्हती.

एरवी त्याने कळ काढली असती. पण आज होडीचा निकाल होता. सासरे वेइको वारल्यापासून त्यांची ॲल्युमिनियमची होडी सासूबाईंच्या शेडमध्ये पडून होती. वेइको जन्मभर पहाटे उठून होडीवर जात, कुणाला सोबत नेत नसत आणि दुपारी मासे घेऊन येत. त्या होडीवर क्लेटनचा फार जीव होता. इंजिन, दोन फळ्या आणि आजूबाजूला पाणी. माणसाला आणखी काय लागतं? साडूला, म्हणजे ट्रेवरला, ती मासे शोधणारा इलेक्ट्रॉनिक पडदा बसवून विकायची होती. 'वस्तू सांभाळणारा जावई कोण ते बघून होडी कुणाला ते आज सांगते,' असं सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं.

आणि वाफेशिवाय क्लेटन सासूबाईंसमोर धड बसू शकत नसे. मागच्या वर्षी तर बटाट्यात मीठ किती यावरून तो त्यांच्याशी शेवटचा गोड पदार्थ येईपर्यंत भांडला होता.

त्याची नजर ओट्यावरच्या टोस्टरवर गेली. सासूबाईंनीच मुलीला दिलेला, जुना, जाडजूड, चकचकीत टोस्टर. आत सगळी तारच तार. 'उद्या दुकान उघडलं की नवी घालू,' क्लेटनने मनाची समजूत घातली. 'टर्कीच्या दिवशी टोस्ट कोण खातंय?' मार्लीन टेबल मांडायला गेल्याबरोबर त्याने टोस्टरची पिन काढली, तळ उघडला आणि वीतभर तार कापून घेतली.

वेटोळं झकास झालं. वाफेला जळक्या पावाचा किंचित वास होता, पण तो त्याला आवडला. मन कसं शांत झालं. आता सासूबाईंनी बटाट्यात साखर घाल म्हटलं असतं तरी त्याने घातली असती.

सासूबाई, म्हणजे हेल्मीबाई, ट्रेवरच्या गाडीतून उतरल्या त्या गालाला हात लावूनच.

"शुक्रवारीच दाढ काढलीय. टर्की तुम्ही खा. मला आपला कॉफीत बुडवून टोस्ट द्या."

क्लेटन घाईने पुढे झाला. "टोस्ट कशाला, हेल्मीबाई? सूप करतो ना! मऊ बटाटे आहेत!"

"मला टोस्ट हवाय. माझ्या टोस्टरमधला."

"मग मीच करतो! तुम्ही उठायचं नाही. अजिबात नाही!"

"याला काय झालंय गं?" हेल्मीबाईंनी मुलीला विचारलं. "इतका लाघवी कधीपासून झाला?"

स्वयंपाकघराचं दार लावून क्लेटनने नळीतलं वेटोळं उपसलं, कापूस काढून टाकला, तार सरळ केली आणि टोस्टरमध्ये होती तिथे पीळ देऊन पुन्हा जोडली. बाहेरून ट्रेवरचा आवाज आला, "क्लेटन, तुझ्या वायफायचा पासवर्ड काय रे? माझी वेप सकाळपासून अपडेटवर अडकलीय."

"माझ्या नळीला वायफाय लागत नाही!" क्लेटन आतून ओरडला. एवढ्या घाईतही हे सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही. मग पाव घालून त्याने खटका दाबला.

टोस्टर तापला. क्लेटनने सुटकेचा श्वास घेतला आणि त्या श्वासातच त्याला स्ट्रॉबेरीचा वास आला. तार पुसायची राहिली होती. टोस्टरच्या दोन्ही फटींतून पांढरे ढग निघाले, छताला भिडले आणि धूर ओळखणारा भोंगा बोंबलायला लागला. क्लेटन टॉवेल फिरवत असतानाच दार उघडून सगळं घर आत आलं.

"आग लागली का?" मार्लीन किंचाळली.

"कसली आग? जरा... वाफ आहे."

"टोस्टरला वेपची सवय लागली वाटतं!" ट्रेवर पोट धरून हसत होता.

तेवढ्यात टोस्ट वर उडाला. हेल्मीबाईंनी तो उचलला, हुंगला आणि लांब ठेवून दिला. मग पिन काढून त्यांनी टोस्टर उलटा केला.

"तळाचा स्क्रू सैल आहे. हा कुणी उघडला?"

"दुसरा कोण तारा पिळत बसतो या घरात?" ट्रेवर म्हणाला.

क्लेटनला आपली होडी डोळ्यांदेखत बुडताना दिसली. आता लपवून उपयोग नव्हता. "मीच उघडला, हेल्मीबाई. माझ्या नळीसाठी तार काढली होती. चुकलो. फार वाईट वाटतंय मला."

हेल्मीबाईंनी चष्मा लावला. तळ काढून त्या बराच वेळ आत बघत राहिल्या. "इकडे ये. हा तुझा पीळ. आणि हा, हा, तो कोपऱ्यातला? ते कुणाचे?"

क्लेटनने वाकून पाहिलं. तारेवर जागोजागी जुने, काळे पडलेले पीळ होते. "पण हा टोस्टर कधीच बिघडला नाही ना? वेइको नेहमी सांगायचे."

"तो सांगायचा! दर हिवाळ्यात बिघडायचा मेला. मी चर्चला गेले की हा पठ्ठ्या उघडून बसायचा. मी आले की म्हणायचा, बघ, जुनी वस्तू ती जुनी वस्तू. घरभर जळक्या तारेचा वास, आणि याचा चेहरा हा असा, आत्ता तुझा झालाय तसा." नाक पुसून त्या म्हणाल्या, "होडी क्लेटनला."

"पण त्याने टोस्टर फोडला!" ट्रेवर म्हणाला.

"आणि जोडलाही. तुझं अपडेट झालं का?"

ट्रेवरने वेप खिशात घातली.

क्लेटनला भरून आलं. त्याने सासूबाईंचा हात हातात घेतला. "बर्फ वितळला की पहिल्या रविवारी तळ्यावर घेऊन जातो बघा तिला."

"तळ्यावर कशाला?"

"मासे धरायला."

"तिचा तळ म्हणजे चाळणी आहे. मुली शाळेत जायच्या तेव्हापासून पाण्यात उतरलेली नाही ती."

"असं कसं, आई?" मार्लीन म्हणाली. "बाबा रोज पहाटे होडीवर जायचे ना?"

"होडीवरच जायचा. शेडमधल्या. तिच्यात बसून सिगारेटी ओढायचा. त्याला वाटायचं मला कळत नाही."

"आणि ते मासे?"

"साफ करून, कागदात बांधलेले मासे गळाला लागतात होय गं?"

मार्लीन टर्की बघायला ओव्हनकडे वळली. ती वळल्याची खात्री करून क्लेटन सासूबाईंच्या कानाशी लागला.

"होडीत बसायला गादी आहे ना हो?"