पाहुणीने स्वयंपाकघर काबीज केले त्याची हकीकत

प्रथम अन्नपूर्णेस नमन, आणि तिच्या हाती जी पळी आहे तीसही नमन, कारण पळी रागास आली म्हणजे काय होते हे पुढील मजकुरात येणारच आहे. तदनंतर राजमान्य मावशीबाईसाहेबांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. साहेबांनी फोनवरून वारंवार पुसणे केले की, पोरगी सात समुद्रांपलीकडे स्वयंसेवा करावयास गेली, परक्या घरी उतरली, तिथे तिचे कसे चालले आहे आणि विचारावे तेव्हा नुसते ‘बरंय’ म्हणते ते खरे की थाप? त्यावरून सेवकाने जे घडले ते घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास चवीपुरते. तेथील बोली निराळी, परंतु वाचणारांची तारांबळ नको म्हणून सर्वांची तोंडे आपल्याच बोलीत चालविली आहेत. रागे न भरावे.

तर खाशी स्वारी पाठीवर पिशवी, हाती बॅग आणि मनी उत्साह ऐसा सरंजाम घेऊन त्या घरी दाखल जाहली. घरचे धनी काका, नळदुरुस्तीचे हुन्नरी, स्वभावे गरीब, साऱ्या गावचे गळके नळ चुटकीसरशी बंद करणार आणि घरचा नळ ‘बघू रविवारी’ म्हणून टपटपत ठेवणार. घरच्या धनीण काकू, शहरच्या मोठ्या बसच्या चालक. त्यांनी भर चौकात नुसते रोखून पाहिले तरी भल्याभल्या मोटारी मुकाट मागे सरत. आणि वरच्या मजल्यावर काकांची थोरली बहीण, म्हणजे काकूंच्या नणंदबाई. या शिवणकाम करीत, आणि हाती कात्री नसली तरी कापण्याचे काम जिभेकडून होत असे. ऐसे हे त्रिकूट दारात उभे राहिले आणि काकूंनी पहिले फर्मान सोडिले की, आजपासून ही आमची पाहुणी, हिला काडीचे काम पडता कामा नये.

तेथेच घात जाहला! कारण त्या घरचा शिरस्ता, काकूंच्या आईपासून चालत आलेला, ऐसा होता की पाहुण्याने बाहेरच्या खोलीत जेवावे. तिथे मोठे टेबल, त्यावर जाळीचे पांढरेशुभ्र कापड, त्यावर सोनेरी काठाची बशी, आणि गादीची खुर्ची, जीवर घरातील कोणी कधी बसले नव्हते. स्वारीस तिथे बसवावे, वाढावे, आणि आपण तिघांनी आत स्वयंपाकघरात छोट्या मेजाभोवती गुडघ्यास गुडघा लावून जेवावे. आत एकच गलका, काका घास तोंडात ठेवून गोष्ट सांगत, नणंदबाई मध्येच चिमटा काढीत, काकू हसता हसता मेजावर थाप मारीत. आणि बाहेर स्वारी एकटी, सोनेरी काठाकडे पाहात, घास चावीत. आतला हशा ऐकू येई, पण हसले कशावर ते कळत नसे. ऐसा मोठा मान, की त्याने जीव नकोसा व्हावा.

स्वारी मूळची हट्टी, हे मावशीबाईसाहेबांस सांगणे नलगे. तिने स्वयंपाकघरावर मोहीम करावयाचे मनात आणिले. पहिला हल्ला कपाचा. चहा पिऊन कप हाती घेऊन, जणू सहज, नळाकडे कूच केले, आणि उंबऱ्यावर पाऊल पडते न पडते तोच काकू आडव्या आल्या आणि कपाचा कान धरून म्हणाल्या, “राहू द्या, राहू द्या! तुम्ही कशाला? बसा बघू तुम्ही.” स्वारी म्हणाली, “अहो काकू, एक कप तर आहे.” काकू म्हणाल्या, “एक असो नाही तर शंभर असोत.” आणि दोघींनी कप दोहों बाजूंनी ऐसा ओढिला की तळाचा चहा काकांच्या अंगावर गेला. काका “असू दे, असू दे” म्हणाले, कारण ते सर्वांस असू दे म्हणत. स्वारीस माघार घेऊन गादीच्या खुर्चीवर परत येणे पडले.

दुसरा हल्ला पाण्याच्या निमित्ताने. तहान लागली म्हणून आत जावे, गेलेच आहे म्हणून चार शब्द बोलावे, बोलतेच आहे म्हणून हाती सुरी घ्यावी, ऐसी खोल मसलत होती. परंतु काकूंनी तिची तहान आधीच ताडून खोलीत पाण्याचा भरलेला जग, त्यावर झाकण आणि झाकणावर उपडा पेला ऐसा बंदोबस्त करून ठेविला. काय सांगावे! इतक्या प्रेमाने कोणी कोणाची कोंडी केली नसेल.

मग एके दिवशी आत ऐसा हशा उसळला की काकांस ठसका लागला, नणंदबाई त्यांच्या पाठीवर गुद्दे घालू लागल्या, आणि स्वारीने बाहेरून विचारले, “काय झालं हो?” तो आतून काकूंचा आवाज आला, “काही नाही, तुम्ही जेवा सावकाश.” हे वाक्य साधे, परंतु स्वारीच्या काळजास लागले. तिला घरची आठवण आली, आणि तिथे आपणांस कोणी सावकाश जेवू देत नव्हते हेही आठवले, आणि डोळे भरून आले. दुसरे दिवशी सकाळी ती स्वयंसेवकांच्या कचेरीत गेली आणि तेथील कारकूनबाईस म्हणाली, “वसतिगृहात जागा असेल तर बघा ना माझ्यासाठी.” कारकूनबाईंनी बघते म्हटले. स्वारी बाहेर आली ती चोरी केल्यासारखी मान खाली घालून, कारण काकूंस हे कळले तर त्यांच्या मनास किती लागेल हे ती जाणून होती.

आता स्वारीचा हुद्दा काय, तेही सांगणे प्राप्त आहे. मदतकेंद्राच्या कोठारात लोक जुने कपडे, डबे, बरण्या, खेळणी आणून टाकीत, ते निवडून फळ्यांवर लावणे आणि ज्यास नड असेल त्यास देणे, हे तिचे काम. कोठाराच्या मुख्य बाई मोठ्या कडक. त्यांचा हुकूम की लहान पुढे, मोठे मागे, सर्व उंचीप्रमाणे, आणि यात जो चुकेल त्याने फळी रिकामी करून पुन्हा लावावी. स्वारीने फळ्या पुन्हा इतक्या वेळा लाविल्या की हातास तेच वळण पडले. दुकानात साबण घ्यावयास जावे आणि दुकानदाराच्या वड्या ओळीने लावून यावे, ऐसी अवस्था.

त्या दुपारी सुटी होती. स्वारी जिना चढून नणंदबाईंकडे गेली आणि मन मोकळे केले, वसतिगृहाचे तेवढे गिळून. नणंदबाई मशीन थांबवून म्हणाल्या, “अगं, तुला काय वाटतं, वहिनीला हौस आहे? रोज ते जाळीचं कापड धुऊन इस्त्री करून तिची कंबर मोडली. पण पाहुणी म्हटल्यावर माघार घेईल तर ती वहिनी कसली!” स्वारी म्हणाली, “मग मी काय करू?” नणंदबाई म्हणाल्या, “विचारत बसू नकोस. वहिनी आत्ता बसवर आहे. करून मोकळी हो.” इतके बोलून त्या दोरा ओवू लागल्या. आगीत तेल ओतून पुन्हा सुईत डोळे घालणे, ही त्यांची जुनीच चाल.

मग स्वारीने अंगरख्याच्या बाह्या सरसावून स्वयंपाकघरात प्रवेश केला. कोणी अडविले नाही, फक्त तो नळ टपटपत होता. तिने भांडी घासली, ओटा पुसला, खिडकी पुसली, आणि मग फळीकडे दृष्टी गेली. अरे देवा! लहान बरणीमागे मोठी, मोठीपुढे बुटकी, चहाशेजारी मीठ, साखर खिडकीत, कशाचा कशास मेळ नाही. कोठाराच्या बाईंनी पाहिले असते तर भोवळ आली असती. स्वारीने सर्व बरण्या खाली उतरविल्या, पुसल्या, आणि उंचीप्रमाणे ओळीने उभ्या केल्या, आणि मागे सरून पाहिले तो फळी ऐसी शिस्तीची दिसू लागली की तिला स्वतःचेच कौतुक वाटले. आता काकू पाहतील, खूष होतील, म्हणतील ये आत बस, ऐसा मनाशी पूर्ण हिशेब.

परंतु एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. काकू स्वयंपाक करीत तो डोळ्यांनी नव्हे. डोळे दिवसभर रस्त्यावर शिणलेले, म्हणून घरी आल्यावर त्या खिडकीबाहेर बघत, नणंदेशी वाद घालीत, आणि हात आपला आपण जाऊन जे हवे ते उचलून आणी. मीठ शेगडीच्या उजव्या अंगास, तिथे हात पडला की मीठ, ऐसे वर्षानुवर्षे चालले होते. आणि स्वारीच्या शिस्तीत नेमकी त्या जागी साखर येऊन उभी राहिली.

सायंकाळी काकू आल्या. घासलेली भांडी नजरेस पडेनात, कारण सांगितल्याप्रमाणे नजर खिडकीबाहेर. सूप उकळीस आले, हात गेला, मूठ भरली, पडली. चव घेणे हा त्यांना अपमान वाटे. बाहेर स्वारीस सोनेरी काठाच्या बशीत वाढून, आत तिघे बसले. काकांनी पहिला चमचा घेतला आणि ते स्तब्ध जाहले. भला माणूस! बायकोच्या हातचे म्हणून दुसराही घेतला. नणंदबाईंनी मात्र पहिलाच चमचा बशीत परत सोडून विचारिले, “वहिनी, हे सूप आहे की खीर?” काकूंनी चाखले. फळीकडे पाहिले. आणि मग जे जाहले ते लिहिताना लेखणी कापते.

काकू पळी उगारून बाहेरच्या खोलीत आल्या आणि साऱ्या गल्लीस ऐकू जाईल ऐशा आवाजात गरजल्या, “कार्टे! माझं मीठ कुठे घातलंस?”

 त्या घरात पाहुण्यास कधी आवाज चढवून कोणी बोलले नव्हते. काकूंस आपण काय बोललो ते ध्यानी येताच चेहरा पडला आणि मोकळा हात तोंडावर गेला. आणि स्वारी? ती हसू लागली. पोटातून हसू येत होते आणि डोळ्यांतून पाणी, आणि ती म्हणाली, “काकू, ओरडा ना अजून. इथे आल्यापासून मला कुणी ओरडलंच नाही हो!”

काकूंनी क्षणभर पाहिले. मग पळी नाचवून म्हणाल्या, “दात काय काढतेस? हो आत! सगळं होतं तस्सं लाव. आणि कांदा चिरायला घे, दुसरं सूप काय आभाळातून पडणार आहे?” ऐसे फर्मान होताच स्वारीने उंबरठा ओलांडिला. छोट्या मेजाशी चौथी जागा नव्हती, गादीची खुर्ची दारातून आत येईना, तेव्हा काका हत्यारांची पेटी उपडी करून तीवर बसले आणि आपले स्टूल तिला दिले. मग एकच गर्दी उडाली. स्वारी कांदा चिरते, काकू म्हणतात “एवढे मोठे तुकडे? घोड्याला घालायचेत का?”, नणंदबाई म्हणतात “तिला का बोलतेस, हात तुझा आंधळा”, आणि काका हसतात. स्वारी इतकी सुखी त्या मुलखात कधी जाहली नव्हती.

इतक्यात दाराची घंटी वाजली. कारकूनबाई घरी जाता जाता आल्या होत्या, आणि हाती किल्ली. दारातूनच म्हणाल्या, “तुमच्याकडच्या पाहुणीला सांगा, वसतिगृहात खोली झाली मोकळी. तिनेच सकाळी मागितली होती.”

सुरी जागच्या जागी थांबली. काकू हळूच वळल्या. आवाज एवढासा. “का गं? काय कमी पडलं आमच्याकडे?”

स्वारीस खोटे बोलावयास सबब होती, कांदा समोरच होता, डोळे पुसून काहीही सांगता आले असते. परंतु ती खरेच बोलली. “काही कमी नाही पडलं काकू. तुम्ही तिघं आत हसायचात, आणि मी बाहेर त्या बशीपुढे एकटी. मला वाटायचं, मी इथे कुणाचीच कुणी नाही.”

 नळाचे पाणी तेवढे पडत होते. मग काकूंनी पदर नव्हता म्हणून बाहीने नाक पुसले, आणि चौकात मोटारी मागे सरत त्या नजरेने कारकूनबाईंकडे पाहून म्हणाल्या, “पाहुणी? तुमची काहीतरी गफलत झालीय. आमच्याकडे कुणी पाहुणी राहत नाही. एक कार्टी आहे, ती कामात आहे.”

येणेप्रमाणे कारकूनबाई किल्लीसुद्धा माघारी गेल्या. ‘पाहुणी’ हा किताब त्या घरातून कायमचा खालसा जाहला, सोनेरी काठाची बशी कपाटात रवाना जाहली, जाळीचे कापड घडी करून ठेविले, आणि काकूंची कंबर सुटली. स्वयंपाकघर, मेज, फळी व उष्टी भांडी यांसह स्वारीच्या ताब्यात आले, भांडी घासण्याच्या हक्कासकट, आणि त्या हक्काची बजावणी त्याच रात्रीपासून सुरू जाहली. फत्ते जाहली, हे सेवकाने लिहून ठेविले. ते लिहीत असताना आतून काकूंचा आवाज आला की, “कार्टे, कढईचं बूड कोण घासणार?”, आणि स्वारीने “आले, आले” म्हणून लेखणी टाकून धाव घेतली.