वाकळे काका आणि मूसच्या शिकारीचं अंदाजपत्रक

आमच्या शेजारच्या वाकळे काकांना चहा विचारला की ते व्हय म्हणत नाहीत आणि नायही म्हणत नाहीत. ते विचारतात, "दूध घरात आहे का आणावं लागंल?" आणावं लागणार असेल तर कुठून, चालत का गाडीवर, आणि वाटेत चढ किती. मला आधी वाटलं, माणूस संकोची आहे. नंतर कळलं की संकोच वगैरे काही नाही, ते माझ्या चहाची लीड काढत होते.

लीड म्हणजे वाहतुकीचं अंतर. वाळू नदीत स्वस्त असते आणि कामावर पोचेपर्यंत महाग होते. ते मधलं अंतर धरायचं राहिलं की सगळं अंदाजपत्रक झोपतं. काकांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत बसून कालव्यांची आणि बंधाऱ्यांची अंदाजपत्रकं तपासली. मग ते रिटायर झाले, पडेगावात घर बांधलं, मुलगा परदेशी गेला, काकू वारल्या. घरात तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना तपासायला घेतलं.

मी फुलंब्रीकडच्या एका शाळेत शिकवते आणि स्कूटीवर जाते. एकदा सकाळी गेटपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, स्टेपनी बघितली का? गृहीत धरू नका." स्कूटीला स्टेपनी नसते, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाले, "मग तर ती त्रुटीच आहे." त्या दिवशी मी फुलंब्रीपर्यंत पंक्चरच्या धास्तीनं जीव मुठीत धरून गेले. काकांची काळजी ही अशी सर्दीसारखी लागते. सर्दीवर निदान वाफ तरी घेता येते.

अशा माणसाला त्यांच्या अमोलनं फेब्रुवारीत फोनवर सांगितलं की मी यंदा मूस मारायला जाणार आहे.

अमोल कॅनडात, पार उत्तरेला एका छोट्या गावात जनरेटर दुरुस्तीचं काम करतो. तिथं वर्षातले सात-आठ महिने बर्फ. भाजी, दूध, सगळं लांबून येतं आणि लई महाग. म्हणून गावातली माणसं दरवर्षी आपल्याकडं पावसाळा संपायच्या सुमाराला मूस मारून आणतात आणि वर्षभर खातात. मूस हे हरणाच्या जातीचं, पण आपल्याकडं शेतात घुसतो त्या रोह्याच्या म्हणजे नीलगाईच्या दुपटीचं जनावर. तिथं राहणाऱ्याला वाटाड्या लागत नाही. परवाना काढायचा, लहान विमान नदीकाठी सोडून जातं, मग दहा दिवस नावेतून खाली यायचं. अधेमधे वस्ती नाही, फोन नाही, अस्वलं मात्र आहेत.

काकांच्या गळ्यात माळ. ज्या हॉटेलात अंड्याचा तवा आहे तिथलं ते पाणी पीत नाहीत. आता घरात महाभारत होणार अशी मी तयारी ठेवली. पण अमोल वस्ताद निघाला. तो म्हणाला, "बाबा, खर्चाचं तुम्हीच बघा. तुमचं आयुष्य त्यातच गेलं."

संध्याकाळी काका नवीन फाईल घेऊन आमच्या दारात उभे. वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'मूस, एक नग, शिकार करून घरपोच आणणे.' मला म्हणाले, "बाई, इंग्रजीचं तुम्ही वाचून सांगायचं." मी पेपर तपासायचे बाजूला ठेवले आणि कॅनडाचे शिकारीचे नियम वाचायला घेतले. माझ्या नवऱ्यानं ते बघितलं आणि काही न बोलता टीव्हीचा आवाज वाढवला.

अमोलची यादी सुटसुटीत होती. परवाना, विमान, भाड्याची नाव, गोळ्या, तंबू, दहा दिवसांचं खाणं. आपल्या पैशात साडेतीन लाखांच्या आसपास. बरोबर डॅनी नावाचा मित्र, म्हणजे खर्च निम्मा. काकांनी यादी दोनदा वाचली आणि पुढच्या रविवारी पहिली त्रुटी काढली.

"मांसाची लीड कुठाय?"

अमोल म्हणाला, मांस तर फुकट असतं. काकांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांनी हिशेब मांडला. नुसतं मांस धरलं तरी अडीचशे किलोच्या घरात. चिखलातून एक माणूस एका खेपेला फार तर तीस किलो उचलणार. जनावर नदीपासून दोन किलोमीटरवर पडलं तर नऊ खेपा, येऊन-जाऊन तीस किलोमीटरच्या वर, आणि मागून वासावर अस्वल. "मारणं हे काम नाय. वाहणं हे काम आहे," काका म्हणाले.

अमोलनं हे तिथल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांना सांगितलं. नदीपासून किलोमीटरच्या पुढं गोळी घालायची नाही, ही अक्कल त्यांना दोन-दोन हंगाम कंबर मोडून घेतल्यावर आली होती. त्यांनी अमोलला विचारलं, तुझ्या वडिलांनी आजवर किती मूस मारले?

काका आठवडाभर ताठ चालत होते. पण तिथूनच सगळं बिघडलं. आधी अमोलचा फोन दिवाळीला, संक्रांतीला आणि काकूंच्या वर्षश्राद्धाला यायचा. आता त्रुटीचा खुलासा करायला तो दर रविवारी सकाळी यायला लागला. नाव उलटली तर पिठाचा डबा तरंगणार का? तरंगतो, बाबा, करून बघितलं. विमानवाला दहाव्या दिवशी आजारी पडला तर? दुसरा आहे, बाबा. अस्वलावर मारायला तिखटाचा फवारा मिळतो, हे कळल्यावर काकांनी त्याची किंमत विचारली आणि हादरले. एवढ्या पैशात इथं पोतंभर मिरची येते, मी कुरिअर करतो, म्हणाले. अमोल म्हणाला, हात जोडतो बाबा, मिरची नको.

मला ह्या सगळ्याचा ताप झाला. नळाचं पाणी भरता भरता मनात यायचं, थंडी पडली आणि काड्या ओल्या झाल्या तर ते पोरगं काय करील? मी त्याला दोनदाच बघितलेला. तरी वर्गात गुणाकार शिकवताना मधेच तो नदीकाठी गारठलेला दिसायचा आणि पाढा चुकायचा. एक दिवस शाळेतल्या मॅडमनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मूसचं टेन्शन आहे, हे कसं सांगणार?

जुलैपर्यंत त्रुटी अठ्ठावीस झाल्या. मी फाईल उलगडून बघितली. प्रत्येकीपुढं अमोलचा खुलासा, काकांच्या अक्षरात, तारखेसह. काड्यांची त्रुटी तर दोनदा निघाली होती. मी सरळ म्हटलं, "काका, ह्यात आता काही राहिलेलं नाही. मंजूर करून टाका आणि आम्हाला सोडा."

त्यांनी फाईल माझ्या हातातून हळूच काढून घेतली. मग सांगितलं की त्यांच्या टेबलावर नामंजूर असा शेरा कधी पडायचाच नाही. जे काम व्हायला नको वाटायचं, त्यात त्रुटी काढायच्या. खुलासा आला की आणखी एक. असं करत मार्च उलटला की निधी परत जायचा आणि काम आपोआप राहून जायचं. कुणाशी वाईटपणा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा हंगाम संपायची वाट बघतोय. मला राग आला. पोराला नको असं तोंडानं सांगायची हिंमत नाही, आणि माझा मात्र अर्धा उन्हाळा कॅनडाच्या नियमांत गेला. मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डॅनीचा पाय मोडला. जिन्यावरून घसरला. अमोलनं निरोप पाठवला की विमान ठरलंय, पैसे भरलेत, मी एकटाच जातो. काका तो निरोप घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. खुर्चीत बसले आणि चहा विचारल्यावर नुसतं "द्या" म्हणाले. दुधाचं काही विचारलं नाही. मी घाबरले ती तेव्हा. कॅनडा गेला खड्ड्यात, ह्या माणसाला काही झालं तर काय, असं वाटलं.

"आता पुढची त्रुटी काढा ना," मी म्हटलं. "एका माणसाला अडीचशे किलो झेपणार नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंय."

"त्याचा खुलासा तो करील, बाई," ते म्हणाले. "आमच्यात खुलासा करायला हुशारच आहे तो."

रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. नेहमी फोन अमोलचा यायचा; त्या दिवशी काकांनी लावला. स्पीकर सुरू केला. अमोलनं तयारीच ठेवली होती. लहान जनावर बघीन, नदीला लागून असेल तरच गोळी घालीन, उपग्रहावरून निरोप देणारं यंत्र भाड्यानं घेतलंय. एकटे जाणारे पुष्कळ असतात, बाबा. काकांनी सगळं ऐकून घेतलं. समोरची फाईल उघडलीच नाही.

"अमोल," ते म्हणाले, "मला भीती वाटती. तू एकटा जाऊ नको."

अमोल म्हणाला, "हे फेब्रुवारीतच सांगायचं ना, बाबा. मी ठरवलंच नसतं. एवढे महिने प्रश्न कशाला विचारत बसला?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी असायला नको होते तिथं, पण उठायलाही सुचेना.

"तेव्हाच सांगितलं असतं," काका म्हणाले, "तर तू दर रविवारी फोन कशाला केला असता?"

मी खाली बघितलं. आठ दिवस अबोला धरला होता, त्याची मला भयंकर लाज वाटली.

फोन कट झाला की काय म्हणून काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून बघितलं. मग अमोल बोलला. विमान रद्द करतो म्हणाला. पैसे थोडे बुडतील, बुडू दे. आणि मग, ज्या फोनवर इतके महिने नाव, काड्या आणि अस्वलं यांच्याशिवाय विषय नव्हता, त्याच फोनवर त्यानं विचारलं, "बाबा, आज जेवायला काय केलंय?"

काका गडबडले. ह्या प्रश्नाची त्यांची काही तयारी नव्हती. मी उठून चपला घालत होते.

"अजून काय नाय केलं," ते म्हणाले. "तू सांग, काय करू?"