मोघेकाका आणि मालकांचा फराळ

मोघेकाका आमच्याकडे आले की बसायच्या आधी खुर्ची उलटी करून बघतात. कप, टेबलफॅन, माझ्या लेकीचं टेडी, हाताला लागेल ते. एकदा चहाने भरलेला कपच उलटा केला. इथे अमेरिकेत, आयसेलिनच्या आमच्या भाड्याच्या घरातल्या कार्पेटवर तो डाग अजून आहे. मी काही बोलणार तेवढ्यात काका ओरडले, "आमचंच!"

कपाच्या बुडाला बगळ्याचा शिक्का होता. काका इथल्या कॉम्प्रेसरच्या कारखान्यात इंजिनियर. तो कारखाना चीनमधल्या एका बड्या समूहाने विकत घेतलेला. टायर, काचा, सिमेंट, कपबशा, हॉटेलं, डुकराचं मांस, म्हणाल ते त्यांच्याकडे, आणि सगळ्यावर तोच बगळा. "सरकारी नव्हे हं वैशाली, खाजगी! एकट्या म्हाताऱ्याने उभं केलंय." माणूस कांदा-लसूणही न खाणारा, पण दुकानात बेकनच्या पाकिटावर बगळा दिसला की छाती फुगायची.

म्हाताऱ्याला काका 'मालक' म्हणत. काकांचे वडील सांगलीला एका कारखान्यात फोरमन होते. दिवाळीला मालकांच्या घरी फराळ पोचवायचा, मालकांनी घरच्यांची चौकशी करायची, अशी तिथली रीत. काकांनी ती इथे चालू ठेवली. दर दिवाळीला काकूंच्या हातच्या चकल्यांचा डबा कुरिअरने थेट चीनला! एका वर्षी उत्तरादाखल छापील शुभेच्छापत्र आलं. काकांनी ते फ्रेम करून देवांशेजारी टांगलं. बॉथेलला राहणारा त्यांचा मुलगा निखिल फोनवर वैतागला, "बाबा, ते सगळ्यांना पाठवतात यार!" काका म्हणाले, "तुला माणसं कळत नाहीत."

मागच्या दसऱ्याला कारखाना बंद झाला. एक ईमेल आला, संपलं. काकूंची केमो कंपनीच्या इन्शुरन्सवर चालू होती. काका मात्र शांत. "मालकांच्या कानावर गेलं नसेल गं. मी लिहितो."

पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. पगार नको, कुठल्याही प्लँटवर फुकट काम करतो, फक्त बायकोचे उपचार होईपर्यंत इन्शुरन्स ठेवा. एवढंच. मी म्हटलं, "काका, कोण वाचणार हे?" तर म्हणाले, "नुसतं पत्र नाही वाचणार. सोबत फराळ पाहिजे." आणि काकूंनी डोक्याला रुमाल बांधून सोऱ्या दाबला. चकल्या वाकड्यातिकड्या झाल्या. मला तेव्हा त्या मालकाचा असा संताप आला की काय सांगू!

उत्तर आलं नाही. नवा इन्शुरन्स लागेपर्यंत दोन केमो हुकल्या. त्यामुळेच काकू गेल्या असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणते.

काकू गेल्यावर महिन्याभराने पार्सल परत आलं. वर शिक्का, 'स्वीकारण्यास नकार'. काका ते घेऊन माझ्याकडेच आले. खुर्ची उलटी न करता बसले. पत्र तसंच बंद होतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि डबा उघडला. चकल्या मऊ पडल्या होत्या, खवट वास येत होता.

"काका, टाकून देऊ या," मी म्हटलं.

त्यांनी एक चकली उचलली, सवयीने उलटी करून पाहिली. काकूंच्या बोटाने दाबलेलं टोक तसंच होतं. त्यावर त्यांनी आपला अंगठा ठेवला.

"ही आमची," ते म्हणाले, आणि डबा बंद करून घरी घेऊन गेले.