डोकं कोणीकडे?

जळगावहून बदली होऊन आम्ही धुळ्याला आलो, त्या दिवशी टेम्पोतून गादी उतरवत होतो. गादीचं एक टोक माझ्या डोक्यावर, दुसरं बायकोच्या हातात. तेवढ्यात गादीखालून कोणीतरी वाकून विचारलं, "झोपताना डोकं कोणीकडे करता?"

मला फक्त पांढरा पायजमा आणि जुन्या चपला दिसत होत्या. कोणी वास्तुशास्त्रवाला असेल म्हणून मी "पूर्वेकडे" असं ठोकून दिलं.

"पूर्व राहू द्या हो. भिंतीकडे का दाराकडे?"

रघुनाथ नानांची आणि माझी ही पहिली भेट. नाना मूळचे पारोळ्याकडचे. विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून नोकरी झाली, आता सत्तरी ओलांडलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पांझरा नदीपलीकडच्या आमच्या गल्लीत टोकाच्या घरात एकटेच राहायचे. खिशात कायम पक्कड आणि तारेचं भेंडोळं. आमचं सामान लागायच्या आत त्यांनी आमचं कपाट भिंतीला तारेनं आवळून टाकलं. मग पलंगाच्या वर टांगलेला माझ्या आजोबांचा फोटो काढून समोरच्या भिंतीवर लावला.

"आजोबांनी वरून लक्ष ठेवावं," ते म्हणाले, "वरून खाली येऊ नये."

नानांना भूकंपाची भीती वाटायची असं गल्लीतले लोक म्हणत. मला ते कधी पटलं नाही. घाबरलेला माणूस असा निवांत बोलत नाही. पावसाळा येणार हे जसं आपण सांगतो, तसं ते भूकंपाचं सांगत. "जमीन जित्ती शे, भाऊ. कधीतरी कूस बदलीच." सातपुड्याकडून, तापीच्या पट्ट्यातून अधूनमधून बारीक धक्क्यांच्या बातम्या येतात. क्रिकेटच्या पानाकडे जाताना आम्ही त्या ओलांडतो. नाना मात्र पेपर खाली ठेवून बराच वेळ अंगणातल्या फरशीकडे बघत बसायचे, जणू आत कोणाचा डोळा लागलाय आणि आवाज करायचा नाही.

गल्लीत कोण कुठे झोपतं हे त्यांना तोंडपाठ होतं. सकाळी नदीकाठच्या रस्त्यानं फिरताना ते हात मागे बांधून पुटपुटत जायचे. शेजारच्या गल्लीतल्या एक बाई त्यांना रोज लांबून नमस्कार करायच्या. त्यांना वाटे विष्णुसहस्रनाम चाललंय. एकदा मी जवळून ऐकलं. "सोनवणे सर पुढची खोली, डोकं खिडकीकडे. सरांची बायको मधली खोली, खाली गादीवर. पाटलांची आई देवघराशेजारी, कानानं कमी, हलवून उठवणे..." आमचंही नाव आलं. "नवे भाडेकरू, पलंग, डोकं दाराकडे, नवरा घोरतो, सापडायला सोपा."

कोणाकडे पाहुणे आले की नाना चौकशीला हजर. पाहुणे किती दिवस राहणार हे ते विचारत नसत. कुठे झोपणार एवढंच विचारत. लोक हसून सांगून टाकायचे. अडचण झाली ती सोनवणे सरांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा.

सोनवणे सर निवृत्त मुख्याध्यापक. बोलणं नेमकं, राग त्याहून नेमका. सून वैशाली चोपड्याकडची. तिला घरात येऊन तीन दिवस झाले होते. अंगणात अजून मांडवाचे बांबू उभे होते. नाना फाटकापाशी आले आणि चार पाहुण्यांसमोर त्यांनी मोकळ्या आवाजात विचारलं, "सर, सूनबाई कोठे झोपतस?"

एका मावशीच्या हातातला लाडू तसाच राहिला.

"नाना," सर म्हणाले, "वय झालं म्हणून तोंडाला येईल ते विचारायचं का? लाज वाटत नाही?"

नानांना काय चुकलं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "बरं," एवढंच म्हणून ते वळले.

त्यानंतर त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. फिरायला जायचे, पण ओठ मिटलेले. दुपारी मात्र सोनवण्यांच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली बसायचे आणि त्या घराकडे बघत राहायचे. ह्यावरूनही लोक बोलायला लागले, तेव्हा मीच एक दिवस त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"नाना, सोडून द्या ना आता."

कडुनिंबाची पिवळी पानं एकेक करून खाली येत होती.

"लातूरकडे भूकंप झाला तेव्हा आम्हाला पोल उभे करायला पाठवलं होतं," ते म्हणाले. "एका गावात एक माणूस ढिगावर बसलेला. जवान त्याला विचारत होते, आई कुठे आहे? तो म्हणे, घरात. घरात कुठे? त्याला सांगताच येईना. म्हणे, कधी ओसरीवर झोपायची, कधी चुलीपाशी, मी काही पाहिलं नाही. तीस वर्षं एका घरात राहिला, भाऊ. तीन ठिकाणी खणलं."

"मग?"

"चौथ्या ठिकाणी होती."



पौषातला एक रविवार होता, दुपारचे तीन वाजून गेलेले. गल्लीभर भरिताचा वास. आमच्या अंगणात बायको कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होती, ऊन अंगावर घेत मी अर्धवट झोपेत होतो. आधी कुत्री गप्प झाली. मग खालून, खूप खालून, कोणीतरी दाणे भरडतंय असा आवाज आला आणि खुर्ची माझ्यासकट सरकली. स्वयंपाकघरात भांडी कोसळली. कपाट करकरलं, पण तारेनं धरून ठेवलं.

"बठ्ठा बाहेर निंघा!" नानांचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "मोकळ्या प्लॉटवर चला!"

सगळे धावले. कोणी साबणाच्या तोंडानं, कोणी हातातल्या पुरीसह. जमीन थांबली होती, पण आमचे पाय थांबत नव्हते. नाना मधे उभे राहून एकेकाचं नाव घेत होते. पाटलांच्या आईला दोघांनी उचलून आणलं होतं. सोनवणे सर, त्यांची बायको, मुलगा.

"सूनबाई?"

सरांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं आईकडे पाहिलं.

"आत असेल," सर म्हणाले.

"आत कोठे?"

"स्वयंपाकघरात... नाही. वर... मला माहीत नाही, नाना."

नाना थांबले नाहीत. त्यांच्या मागे मुलगा आणि मी. ते ना खोल्यांकडे गेले ना स्वयंपाकघराकडे. सरळ बाजूच्या जिन्याखाली, जिथे जुन्या गाद्या आणि धान्याच्या कोठ्या ठेवल्या होत्या, तिकडे वळले. एक कोठी आडवी होऊन दार आतून अडलं होतं. तिघांनी खांदा लावून ते हातभर ढकललं. आत गाद्यांच्या कोपऱ्यात वैशाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, पायाशी फोन. लागलं नव्हतं.

"चल माय," नाना म्हणाले आणि तिचा हात धरून तिला उन्हात घेऊन आले.

सासू तिला कुरवाळत विचारत होती, तिथे गं काय करत होतीस? ती म्हणाली, "आईशी बोलायला जाते. दुपारी. तिथे कोणी ऐकत नाही."

"तुम्हाला कसं कळलं?" मी नानांना हळूच विचारलं.

"जिन्याखालच्या झरोक्याला ती ओढणी लावते, कडुनिंबाखालून दिसते. तीन वाजता लागते, चारला निघते." मग ओशाळून म्हणाले, "विचारायची सोय नव्हती ना."

सोनवणे सरांनी हे ऐकलं. ते सुनेसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "उद्या तुला चोपड्याला मी सोडतो. आठ दिवस रहा. आणि आईशी बोलायचं तर दिवाणखान्यात बस, आम्ही बाहेर जाऊ." मग नानांकडे वळून काही बोलायला गेले, पण ज्यांनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं त्यांना एक वाक्य जुळेना. त्यांनी नुसते हात जोडले.

घरात जायला कोणीच तयार नव्हतं. सतरंज्या आल्या, भरीत आलं, पुऱ्या आल्या. सगळी गल्ली त्या प्लॉटवर अशी पसरली होती की जणू घरं आम्हाला कधी नव्हतीच. ऊन मऊ झालं होतं. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अधूनमधून एखादा माणूस तळहात जमिनीवर टेकवून बघायचा.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. सुरतेहून त्यांची मुलगी मंदा. त्यांना मुलगी आहे हे माहीत होतं. तिला नववा महिना लागलाय हे कोणालाच माहीत नव्हतं. नानांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा होता.

"बाबा, धुळ्याला भूकंप झाला म्हणे! तुम्ही बरे आहात ना?"

नानांनी आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. ज्यांनी गल्लीला वर्षानुवर्षं भूकंपाशिवाय दुसरं काही सांगितलं नव्हतं, ते म्हणाले, "कसला भूकंप? काही नई. ट्रक गया व्हई एखादा."

"खरंच?"

सोनवणे सरांनी नानांच्या हातातून फोन हलकेच काढून घेतला. "मंदाताई, मी शेजारचा सोनवणे. इथे सगळं ठीक आहे. आम्ही भरीत खायला बसलोय." आयुष्यात ते पहिल्यांदाच खोटं बोलत असावेत, कारण नाक घामेजलं होतं. मागे एक पोर रडायला लागलं, तर चार बायकांनी मिळून त्याला गप्प केलं.

फोन परत नानांकडे गेला. पलीकडे मंदा हसत होती, थोडी रडतही होती. "बाबा, सकाळपासून नुसता हलतोय हा. लाथा मारतो. जरा म्हणून स्वस्थ नाही. मला भीतीच वाटते."

नानांनी डोळे मिटले. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"हालू दे, बेटा," ते म्हणाले. "हालू दे त्याले. हालनं चांगलं शे."