अमेरिकेतली मालती

इंग्रजी पिक्चरमधली चाळिशी उलटलेली कुठलीबी बाई असो, शांताकाकू तिला मालतीच म्हणायच्या. हिरोइनची आई मालती, मावशी मालती, हापिसातली चष्मेवालीबी मालती. हिरोइनशी त्यांना देणंघेणं न्हाई. "ती पोरगी काय, पळंल न्हाईतर रडंल," म्हणायच्या. "मालतीचं ऐका."

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात आमची भिंतीला भिंत. त्यांचे मालक गार्ड. सिकंदराबादहून कॅसेट आणायचे, भाड्यानं व्हिडिओ लावून द्यायचे आन पुन्हा ड्यूटीवर. काकूंना इंग्रजीचा गंध न्हाई. तरी दुसऱ्या दिवशी पापड लाटताना ष्टोरी अशी रंगवायच्या की बायांची लाटणी थांबायची. त्या हप्त्यात मालतीनं नवऱ्याला सोडून केकचं दुकान टाकलं होतं.

खरं सांगते, माझा लय जळफळाट व्हायचा. काकूंच्या आधी बाया माझ्या ओट्यावर जमायच्या. माझ्या पापडातून पलीकडचं दिसतं, कुणालाबी इचारा. आता माझ्या पापडाला दोघी आल्या, त्याबी "काकू कुठंयत?" म्हणत. माझी सख्खी लेक पोळपाट घेऊन त्यांच्याकडं.

म्हणलं, बघू तरी हे दुकान. कॅसेट मागितली. काकू जराशा घुटमळल्या, पण दिली. परभणीला भावाकडं व्हिडिओ होता. दोन तास डोळे फाडून बसले. मालती आली, टेबलावर बशी ठेवली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, गेली. दुकान न्हाई, केक न्हाई, काई न्हाई.

इतका आनंद मला माझ्या लग्नातबी झाला नव्हता. चारचौघीत हिचं पितळ उघडं पाडायचं, असं ठरवूनच परतले. पण कॅसेट द्यायला गेले आन पोटात राहीना. "काकू, ती बाई तर बशी ठेवून गेली की."

काकू उंबऱ्यातच बसल्या. मालक चार दिवसांपासून लाइनीवर होते.

"गेलीच," म्हणल्या. "दर पिक्चरमधी जाती. कुणी मागं वळूनबी बघत न्हाई. मला आपलं वाटतं, कुठं गेली ती, कुणीतरी इचारावं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर पापड. पलीकडच्या कमलनं मलाच इचारलं, "ताई, तुमी बघितला ना पिक्चर? खरंच दुकान टाकती का ती?"

काकू खाली मान घालून पीठ मळत राहिल्या. लेकीसकट सगळ्या माझ्याकडं बघायलत्या. किती दिवसांनी.

"टाकती की," मी म्हणलं. "लय चांगलं चालायलंय."