हितेंद्रचा पोकळ हात

हितेंद्रने त्या दुपारी स्वतःचाच हात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जळगावच्या प्रयोगशाळेतला हा लेसरवाला सूक्ष्मदर्शक कातडी न कापता आतलं दाखवायचा. वरच्या थरात पेशी दिसल्या, त्याखाली तंतूंचं पांढरंशुभ्र जाळं. तो खूश झाला, आणखी खोल गेला. जाळं फिकट झालं. मग अंधार. आत काहीच नाही!

त्याला घाम फुटला. त्याने बायकोला फोन लावला. "कामिनी, माझ्या हाताच्या आत काही नाहीये गं."

"म्हणजे?"

"पोकळ आहे."

कामिनीने घाबरून शिंदखेड्याला सासऱ्यांना कळवलं. संध्याकाळी सासरे लोटनआबा आणि सासूबाई पुष्पाबाई एसटीने हजर. पाठोपाठ साक्रीहून झुलालमामा, कसल्याशा पाल्याचं तेल घेऊन. पुष्पाबाईंनी हात हळदीने माखून झोळीत बांधला.

"पाणीना गिलास बी उचलू नको, भाऊ. मोडी जाई!"

खरं तर हितेंद्रला काहीच दुखत नव्हतं. तरीही तो गुमान कामिनीच्या हातून जेवला. एवढा शिकलेला माणूस घाबरलाय, म्हणजे काहीतरी असणारच, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं.

सकाळी सगळी वरात रूपाली मॅडमपुढे उभी राहिली. मॅडम त्याच्या मार्गदर्शक. त्यांनी झोळीकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या चित्रांकडे.

"हितेंद्र, लेसर एका ठिपक्यावर एकवटला तरच चित्र उजळतं ना?"

"हो, मॅडम."

"आणि कातडीत शिरल्यावर तो सरळ जातो?"

"नाही. विखुरतो. जितकं खोल, तितका ठिपका दुबळा, म्हणून चित्र काळं पड..." हितेंद्र थांबला. हळद लावलेला हात त्याने हळूच पाठीमागे नेला.

"म्हणजे हात भरलेला आहे. उजेड पोचला नाही, इतकंच. आता तुमच्या पीएचडीचा विषय सांगा बरं."

हितेंद्र जमिनीकडे बघत पुटपुटला, "ऊतींमध्ये प्रकाश विखुरल्याने सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात होणाऱ्या चुका."

कामिनीने पदर तोंडाला लावला. आबांचा चेहरा मात्र उजळला. ते अभिमानाने झुलालमामांकडे वळले.

"दखं? चार सालपासून पोऱ्या हाईच शिकस!"