सुकरीबाईंचा उत्तररंग

या मंडळी, जवळ सरका. खांबाला टेकलात तरी चालेल, पण झोपू नका. आज एक आख्यान सांगतो. त्यात आधी अ‍ॅम्प येईल. जागा उरली तर देवही येईल.

पूर्व विदर्भातल्या वडशाचा दिनेश हिवाळाभर तिकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवी. त्याने घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढायचं ठरवलं. हेतू पवित्र होता. शेजारच्या सुकरीबाई कीर्तन करत. रानात वाट चुकलेल्या देवाचं एक आख्यान फक्त त्यांनाच येत होतं. बापाच्या तोंडून ऐकलेलं, बाईंना लिहिता येत नसल्याने कुठे न लिहिलेलं. वय झालं होतं, पण आवाज अजून खणखणीत होता. तो जपून ठेवायचा, मागे गिटार हळूच वाजवायची. आणि गिटारला अ‍ॅम्प हवा, म्हणजे आवाज वाढवणारा खोका.

एवढं निमित्त पुरेसं असल्याने निवड समिती स्थापन झाली. सदस्य दोन: दिनेश आणि त्याचा मित्र अतुल. अतुलने जन्मात गिटार वाजवली नव्हती, पण अ‍ॅम्पचे व्हिडिओ इतके पाहिले होते की त्याच्या अधिकाराबद्दल समितीत दुमत नव्हतं.

दुकानदार फोनवर म्हणाला, "घरच्या रेकॉर्डिंगले एक वॉटचा लय झाला, भाऊ."

"एक वॉट?" अतुल दुखावला. "अबे दिन्या, तुया संडासातला बल्ब नऊ वॉटचा हाये!"

मुद्दा बिनतोड होता. शंभर वॉटचा ठराव एकमताने मंजूर झाला. तोही व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या तापणाऱ्या काचनळ्यांचा, कारण व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो.

"वडशाच्या उन्हाळ्यात अजून ऊब?" सुकरीबाई म्हणाल्या. "मले तर थंडाच दे, बाप्पा."

अभिप्राय तांत्रिक नसल्याने नोंदवला गेला नाही.

अ‍ॅम्प आला. दिनेशने पहिली तार छेडली आणि मागच्या घरचे इनायतभाई बनियनवरच धावत आले. "दिनेशभाऊ, भूचाल आला का? मायावाल्या बश्या फळीवरून उड्या मारून राह्यल्या!"

अ‍ॅम्प लहान करणं आता शक्य नव्हतं. ठराव झाला होता. म्हणून खोली जाड करण्यात आली. राइस मिलमधून कोंड्याची पोती आणली. भिंतींना पोती, दाराला पोती, खिडकी तर पोत्यांत हरवलीच. आवाज बाहेर जायचा थांबला. हवाही आत यायची थांबली.

"आता गाऊ का?" बाईंनी विचारलं.

"थांबा ना, बाई. टोन जमवून राह्यलो," अतुल म्हणाला. "तवरी इथीच बसून राहा. खोलीले तुमची सवय होऊ द्या."

बाई रोज येऊन बसू लागल्या. कधी बास जास्त होई, कधी ट्रेबल टोचे. पोती हादरत, कोंडा भुरभुरत राही. बाई खोकत. अतुल त्या खोकल्याला 'नॉइज' म्हणे आणि कपाळाला आठ्या घाली.

"दिन्या," एक दिवस बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "कीर्तनात आधी पूर्वरंग असते, मंग उत्तररंगात आख्यान. तुया पूर्वरंगच सरून नाई राह्यला. माहा देव तिकडं रानातच उभा हाये ना रे!"

दिनेशला फार वाईट वाटलं. म्हणून त्याने नवी केबल मागवली.

अखेर टोन जमला. नारळ फुटला, हार घातला गेला. हार अ‍ॅम्पला. सुकरीबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, तोंड उघडलं. सूर आला नाही. नुसती हवा आली.

अतुल स्क्रीनकडे बघत ओरडला, "वा! नॉइज शून्य!"

दिनेशने अ‍ॅम्प बंद केला आणि बाईंच्या ओठांशी कान नेला. ओठ हलत होते. शब्द नव्हता. पुढे डॉक्टरांनीही सांगितलं, कोंड्याने घसा गेला, आवाज परत यायचा नाही. आणि आजवर आलाही नाही.

आता खरं सांगा, मंडळी. इतकं ऐकून तुमच्या मनात काय आलं? शेवटी अ‍ॅम्प कुठल्या कंपनीचा घेतला, हेच ना? सगळे हेच विचारतात. देव त्या रानातून बाहेर कसा आला, हे अजून कुणी विचारलं नाही.

विचारू नका, आता सांगणारं कुणी उरलं नाही. सांजेला दिवा लावाल तेव्हा त्या वाट चुकलेल्या देवापुढे एक नाव तेवढं घ्या: सुकरीबाई.